शेअर ट्रेडिंगच्या क्लासला गेले, टिप एकही मिळाली नाही, वही मिळाली (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, क्लासचं नाव टाकत नाहीये. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आहे, सरांचं घराणं हळदीच्या अडतीतलं, एवढ्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नाव टाकलं की त्यांच्या ऑफिसमधला मुलगा फोन करतो, "मॅडम तेवढं पाच स्टार करा की", आमच्या बॅचमधल्या दोघांना आलाय तसा फोन, आणि मला तोंडावर नाही म्हणायला जमत नाही, तेव्हा नकोच.

मी काय मोठी ट्रेडर नाही. मिरजेत आमचं मेडिकल आहे, सकाळी नऊ ते दीड काउंटरला मी, दुपारनंतर हे. मार्केट सव्वानऊला उघडतं म्हणजे दोन्ही दुकानं एकदमच उघडायची, एक शटरचं आणि एक मोबाईलमधलं. २०२३च्या दिवाळीत भाच्यानं डीमॅट उघडून दिलं, चारपाच महिने साधे शेअर घेतले, थोडे पैसे सुटले, मग कुणीतरी ऑप्शन दाखवलं, म्हणजे शेअर न घेता भाव वर जाईल का खाली यावर पैसे लावायचे, आणि मला वाटलं आपल्याला यातलं कळतंय.

४ जून २०२४ आठवतोय ना सगळ्यांना, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी (मोठ्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक) सव्वातीन टक्के वर जाऊन २३,२६३ला बंद झालेला. मी त्या दुपारी २३,३००चा कॉल, म्हणजे निफ्टी वर गेला तर फायदा देणारा ऑप्शन, घेतला ३१० रुपयांनी, आठ लॉट, तेव्हा लॉट २५चा होता म्हणजे २०० नग, ६२ हजार रुपये. स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरवलेल्या आकड्याखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर, लावला होता हो, अगदी शहाण्यासारखा लावला होता, खरं ती साधी ऑर्डर त्याच दिवसापुरती असते, मार्केट बंद झालं की रद्द होते, हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कल फिरायला लागले, माझ्यापुढं पाच गिऱ्हाईकं, एका हातात प्रिस्क्रिप्शन, एका हातात मोबाईल, आणि मी मनात म्हणतेय येईल वर, जरा थांबू. निफ्टी त्या दिवशी ५.९३ टक्के पडून बंद झाला. मी दुपारी २२ रुपयाला विकून मोकळी झाले. ५७,६०० रुपये, एका दिवसात, आणि ह्यांना सांगितलं नाही.

मग ते भरून काढायचं म्हणून जे केलं ते लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहिती आहे. क्लासला जायचं कारण मात्र पैसे नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, मार्केट रोज खाली चाललेलं तेव्हा, एका नेहमीच्या आजोबांना मी बीपीची अडीच मिलिग्रॅमची स्ट्रिप द्यायच्या जागी पाचची दिली. ते गेल्यावर बिलाकडं लक्ष गेलं. चप्पल न घालता रिक्षा स्टॉपपर्यंत पळाले, आजोबा रिक्षात बसलेले, गोळी बदलून दिली, त्यांना काही कळलंसुद्धा नाही, उलट "पोरी कशाला पळत आलीस, उद्या दिली असतीस" म्हणाले. त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे ओरडले नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं. म्हणाले एकतर बंद कर नाहीतर नीट शिक.

तर क्लास. आठ आठवडे, शनिवारी संध्याकाळी अडीच तास आणि रविवारी सकाळी तीन तास, फी १४,५००. मी जून-जुलै २०२५च्या बॅचला होते. बावीस जण, त्यात बायका तीन, एक कॉलेजची पोरगी, एक रिटायर झालेल्या बँकवाल्या बाई आणि मी. बाकी सगळी विशीतली पोरं आणि चारपाच रिटायर काका. हॉल ठीक, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा मात्र झकास, गवती चहा घातलेला, त्याला वेगळा अर्धा स्टार द्यावा वाटतो.

नाव नोंदवताना एकच अट, मागच्या आर्थिक वर्षाचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे वर्षभराच्या नफा-तोट्याचा कागद, ब्रोकरच्या साईटवरून काढून प्रिंट घेऊन या. मी म्हटलं पुढं भरायचा असेल बहुतेक. तर पहिल्या शनिवारी चार्ट नाही, स्क्रीन नाही, प्रोजेक्टरपण बंद, सर म्हणाले कागद काढा आणि शेवटच्या ओळीखालचे चार्जेस वाचा. माझा खरेदी-विक्रीच्या भावातला तोटा १ लाख ४२ हजार आणि चार्जेस ४३ हजार. चार्जेस! मी कधी बघितलेच नव्हते. वर्षाला तेराशेच्या वर ऑर्डरी, ऑर्डरीला वीस रुपये म्हटलं तरी सव्वीस हजार तिथंच, त्यावर जीएसटी, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर), एक्स्चेंजचे, स्टॅम्प ड्यूटी. ऑप्शन विकतानाचा एसटीटी तर ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झालेला, ते मी सरांकडून ऐकलं. दुकानात मी शेड्यूल्ड औषधाच्या सोळा टक्के मार्जिनवरनं एजन्सीवाल्याशी भांडते, रुपया सोडत नाही, आणि इकडं ४३ हजार विचारल्याशिवाय देऊन बसलेले. शेजारच्या काकांचा कागद माझ्यापेक्षा वाईट होता, त्यांनी तो उपडा ठेवला.

भिंतीवर एकच कागद चिकटवलेला, सेबीच्या (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२४च्या अहवालाचा, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी दोन लाखांच्या आसपास माणशी. आमची बॅच चालू असतानाच जुलैत नवा आकडा आला, २०२४-२५ला ९१ टक्के तोट्यात आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. सरांनी पेनानं खाली लिहून टाकला. एक पोरगा म्हणाला, सर मग ९ टक्के तर कमावतात की. सर म्हणाले, "व्हय, आणि या खोलीत बावीस जण हायत, सगळ्यांना वाटतंय ते दोन जण आपणच." त्यावर कुणी बोललं नाही.

आता महत्त्वाचं. टिप मिळत नाही, एकही नाही. सरांकडं सल्ला द्यायचं सेबीचं रजिस्ट्रेशन नाही आणि ते स्वतःच सांगतात की नाही, मी फक्त शिकवतो. चार्टपण सगळे जुने, कारण नुसतं शिकवणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत असं सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये घातलेलं. आमच्यातली चारपाच पोरं याच्यावरच वैतागली, पुढच्या आठवड्यात काय घ्यायचं ते सांगा की म्हणून, दोघं तिसऱ्या आठवड्यापासून आलेच नाहीत. तुम्ही कुठल्याही क्लासला जाणार असाल तर हे आधी बघा, समोरचा लाईव्ह मार्केटमध्ये "आता घ्या" म्हणत असेल आणि रजिस्ट्रेशन विचारल्यावर विषय बदलत असेल तर चहा पिऊन परत या.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी हळदीच्या पेवाची गोष्ट सांगितली, ती मला फी वसूल वाटली. आमच्याकडच्यांना माहिती आहे, हरिपूरला जमिनीत खोल पेवं असायची, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. सरांचे आजोबा आपला सगळा माल कधी एका पेवात ठेवत नव्हते, आणि पेव उघडलं की आत श्वास घ्यायजोगी हवा नसते, म्हणून आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला की माणूस उतरायचा नाही. मग वर कितीही घाई असू दे, भाव कितीही चांगला असू दे, व्यापारी दारात उभा असू दे, विझला म्हणजे विझला, कंदिलाशी वाद घालायचा नाही. तेव्हापासून क्लासमध्ये स्टॉप लॉसला कुणी स्टॉप लॉस म्हटलंच नाही, "तुमचा कंदील कुठाय" एवढंच. (२००५च्या पुरात बरीच पेवं कामातून गेली, सर म्हणाले ज्यांचा सगळा माल एकाच जागी होता त्यांचं विचारू नका. ते वाक्य त्यांनी तिथंच सोडलं आणि पुढं गेले, मला ते आवडलं.)

मग कंदील लावायचा कुठं आणि नग किती घ्यायचे याचं गणित. मी आधी काय करायचे, अकाउंटला किती पैसे आहेत ते बघायचे आणि तेवढ्याचं घेऊन टाकायचे. इथं उलटं. आधी ठरवा एका ट्रेडमध्ये किती गेले तर झोप लागेल, सर म्हणतात एक टक्का. माझे दोन लाख उरलेले, म्हणजे २,००० रुपये. शेअर ६४०ला घ्यायचा, चार्टवर ६२४च्या खाली गेला तर आपलं चुकलं असं दिसतंय, म्हणजे शेअरमागं १६ रुपये, २,००० भागिले १६, १२५ शेअर. ८० हजारांचा माल. संपलं. ऑप्शन १४०चा, कंदील १२०ला, लॉट तेव्हा ७५चा होता, म्हणजे एका लॉटला १,५०० जाणार, दोन लॉटला ३,०००, मग एकच लॉट. एवढं चौथीतलं गणित आहे, खरं मी दीड वर्षात एकदाही केलं नव्हतं, आणि ४ जूनच्या ट्रेडला लावून बघितलं तर दोन हजाराच्या जागी मी सगळे ६२ हजार पणाला लावून झोपलेले.

ऑप्शनच्या स्टॉप लॉसची अजून एक गोष्ट इथंच कळली. एनएसईवर (निफ्टीवालं एक्स्चेंज) ऑप्शनमध्ये मार्केट प्रकारचा, म्हणजे मिळेल त्या भावाला विकणारा, स्टॉप लॉस २०२१ पासून चालत नाही, ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (त्याच्या खाली विकायचं नाही तो भाव) दोन्ही द्यावे लागतात. मी ट्रिगर १२० आणि लिमिट ११९.५० असं ठेवायचे, कंजूषपणा, मग भाव १२१वरून थेट ११६ला आला की ऑर्डर तशीच लटकायची, आणि मी म्हणायचे ब्रोकरनं फसवलं. ब्रोकरनं नव्हतं फसवलं. दोघांमध्ये जरा अंतर ठेवायचं.

चौथ्या रविवारी बेदाण्याचा खेळ. स्टीलच्या डब्यात दहा बेदाणे, चार हिरवे, सहा काळे. डोळे मिटून एक काढायचा, बघायचा, परत टाकायचा, असं तीस वेळा. हिरवा आला तर लावलेलं परत आणि वर त्याच्या दुप्पट मिळणार, काळा आला तर लावलेलं गेलं. प्रत्येकाकडं कागदावर एक लाख, किती लावायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणजे बघा, शंभर वेळा खेळलं तर चाळीस वेळा दोन मिळणार, साठ वेळा एक जाणार, खेळ आपल्या बाजूचाच आहे. (मधेच एका पोरानं एक हिरवा बेदाणा खाल्ला, ते सापडल्यावर पहिल्यापासून सुरू करायला लागलं, अर्धा तास गेला.)

तीसमध्ये बारा हिरवे आले, म्हणजे अगदी ठरल्याप्रमाणं. तरी वीस जणांचे वीस आकडे! बँकवाल्या बाईंनी दर वेळी आहे त्याच्या दोन टक्के लावले, त्यांचे १ लाख ११ हजार झाले. एका पोरानं दर वेळी पंचवीस टक्के लावले, त्याचे ७३ हजार उरले. बेदाणे तेच, क्रम तोच. माझं काय झालं सांगू का, मी दहा टक्क्यांनी सुरू केलं, मधे सलग सहा काळे आले तशी मी वीस टक्के केलं, मग निम्मे लावले, आता तर हिरवा येणारच म्हणून, आणि तेविसाव्या बेदाण्याला माझे नऊ हजार राहिलेले. कागदावरचे पैसे होते, खोटे, तरी माझे हात गार पडले होते. डब्याला काय माहिती आधी काय आलंय ते, हे मला कळत होतं, अगदी काढताना पण कळत होतं. तरी निम्मे लावले.

आता वही. क्लासचं खरं प्रॉडक्ट म्हणाल तर ते हे, लाल कापडी पुठ्ठ्याची, व्यापाऱ्यांकडं असते तसली. फीमध्येच मिळते. ट्रेड घ्यायच्या आधी, आधी म्हणजे आधी, हातानं लिहायचं: तारीख, वेळ, काय घेतेय, का घेतेय, कंदील कुठं, नग किती, चुकलं तर रुपये किती जाणार. ट्रेड झाल्यावर एकच गोष्ट, लिहिल्याप्रमाणं केलं का. केलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. नफा-तोट्याचा रकाना शेवटी, तो पण पेन्सिलनं.

मोबाईलमध्ये जर्नल ठेवायची ॲप्स मी दोन वापरली होती, एकाचे तर वर्षाचे पैसे भरलेले. त्यात आणि ह्यात फरक काय, तर शनिवारी सगळ्या वह्या टेबलावर गोळा करून मिसळतात आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती त्यानं उठून मोठ्यानं वाचायची. नाव वाचायचं नाही म्हणतात, खरं अक्षरावरून आणि कान लाल होतात त्यावरून सगळ्यांना कळतं.

माझी वही एका इंजिनिअरिंगच्या पोराला मिळाली. तो वाचतोय, "बुधवार, अकरा चाळीस, निफ्टी पुट, का घेतेय," आणि थांबला. सर म्हणाले वाच की. "गिऱ्हाईक नव्हतं म्हणून."

अख्खा हॉल हसला, मीपण हसले, काय करणार. सर हसले नाहीत. म्हणाले, "गिऱ्हाईक नसलं की गोळ्या खाता का ओ ताई?"

त्या दिवसापासून मी लिहायला बसले की तो पोरगा हे वाचतोय असं डोळ्यापुढं येतं, आणि निम्मे ट्रेड लिहितानाच गळून पडतात. कारण लिहायला काही नसतंच. "वाटतंय", "परवा पण असंच झालेलं", "ग्रुपवर कुणीतरी टाकलं", हे एवढ्या लोकांपुढं कोण वाचून घेणार? शिस्त शिस्त म्हणतात ती माझ्यात काय एकदम आली नाही, मला लाज वाटते एवढंच आहे ते, आणि ती चालते.

फुलीचा किस्सा सांगायला पाहिजे. एक रिटायर काका, त्यांनी चालू ट्रेडमध्ये कंदील काढून टाकला, भाव खाली जाऊन परत वर आला आणि ११ हजार सुटले. पेढे घेऊन आलेले. सरांनी पेढा खाल्ला, वही मागितली आणि लाल पेनानं फुली मारली. त्याच दिवशी कॉलेजच्या पोरीला, जिचे १,८०० गेले होते पण सगळं लिहिल्याप्रमाणं केलेलं, तिला बरोबरची खूण. काका चिडले, म्हणाले पैसे कमवायला आलोय का निबंध लिहायला. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्यांचं काही चुकलं असं पण मला तेव्हा वाटलं नव्हतं, ११ हजार म्हणजे ११ हजार. घरी येताना मात्र गाडीवर आठवलं, मलापण जूनच्या आधी मे महिन्यात तसंच एकदा स्टॉप लॉस काढून नऊ हजार सुटलेले, आणि मी ते भाच्याला कौतुकानं सांगितलेलं.

किल स्विचबद्दल पण सांगते कारण ते फुकट आहे. माझ्या ब्रोकरच्या ॲपमध्ये एक सेटिंग आहे, सेगमेंट (ऑप्शनसारखा अख्खा विभाग) बंद करून टाकायचं, मग बारा तास ते आपल्यालापण उघडता येत नाही. असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं, चार मेनू आत लपवलंय. क्लासचा नियम, दिवसात दोन तोटे झाले की स्विच. पहिल्यांदा केलं तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झालेली, आणि पुढचा अख्खा दिवस मोकळा. मी त्या दिवशी एक्सपायरीचा माल काढला, मागच्या फळीवरचा, तीन महिने काढू काढू करत होते. दुकानातली एक्सपायरी कंपनी परत तरी घेते.

आता तक्रारी, कारण साडेतीनच का दिले ते सांगायला पाहिजे.

सगळ्यात मोठी, सरांनी स्वतःचा पी अँड एल दाखवला नाही. मी सरळ विचारलं, सहाव्या आठवड्यात, सर आमचे कागद पहिल्या दिवशी मागितले, तुमचा कुठाय. म्हणाले दाखवला की तुम्ही माझ्यामागं पळणार, आणि मग शिकणार नाही. निम्मं पटतं, निम्मं नाही. सर सरळ माणूस आहेत असं माझं मत आहे, तरी ज्याची वही आम्ही वाचली नाही असा खोलीत एकच माणूस होता हे खरंच.

दुसरी, सातव्या आठवड्यातला मानसिकतेचा रविवार. बाहेरून कुणी पाहुणे बोलावलेले, त्यांनी दिवे घालवून संगीत लावलं आणि म्हणाले डोळे मिटा आणि तुमच्या खात्यात एक कोटी बघा. मी एक डोळा उघडून घड्याळ बघितलं. दोन तासांच्या वर! त्याच दिवशी टॅक्स घ्यायचा होता तो मग चाळीस मिनिटांत उरकला, आणि खरी गरज त्याची होती, एफ अँड ओ हा धंद्याचा हिशोब धरतात, आयटीआर-३ फॉर्म भरायला लागतो, वेळेत भरला तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, इंट्राडेचा (त्याच दिवशी घेऊन विकलेल्या शेअरचा) हिशोब वेगळा, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदाच कळत होतं आणि प्रश्न विचारायला वेळ नाही. मी नंतर आमच्या सीएंकडं जाऊन बसले.

तिसरी, ॲडव्हान्स बॅच. ३८ हजार. सर स्वतः कधी बोलले नाहीत, खरं ऑफिसमधनं आठवड्याला दोन फोन. ज्या क्लासमध्ये घाई करू नका शिकवतात तिथनंच "मॅडम शेवटच्या तीन सीट राहिल्यात" हा फोन येतो, मला हसूच आलं. मी विचारलं, मी वहीत काय लिहू, का घेतेय? त्यानं ठेवला फोन.

बारीकसारीक पण आहे. एखादा दिवस चुकला तर रेकॉर्डिंग मिळत नाही, माझा एक रविवार सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळं गेला तो गेलाच. नोट्सच्या झेरॉक्स पुसट. बॅच संपल्यावर जो व्हॉट्सॲप ग्रुप राहिलाय त्यावर कुणाचा तरी चुलत मेहुणा रोज टिप टाकतो, सरांनी दोनदा सांगून बघितलं, मी म्यूट केलाय.

निकाल काय लागला विचाराल. ऑगस्ट ते जानेवारी, सहा महिने, ६१ ट्रेड. आधी जवळपास तेवढे महिन्याला व्हायचे. २६ नफ्यात, ३५ तोट्यात, सगळे चार्जेस जाऊन ३,१८० रुपये तोटा. हो, तोटाच. क्लासची फी धरली तर १७,६८०. वहीत चार फुल्या आहेत आणि त्या चार फुल्यांनी मिळून ७,४०० घालवलेत, म्हणजे बाकीच्या ५७ ट्रेडमध्ये मी चार हजारांनी वर आहे, हे हिशोब करून बघितल्यावर दोन दिवस हवेत होते, मग एजन्सीचं बिल आलं. चारातल्या तीन फुल्या मंगळवारच्या आहेत, निफ्टीची एक्सपायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस, सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी गेलीय, त्यामुळं आता मंगळवारी सकाळी मोबाईल घरीच ठेवते. ह्यांना वाटतं विसरते.

तर जायचं का? तुमचे पैसे अजून गेलेच नसतील तर कळणार नाही, पहिल्या शनिवारीच कंटाळाल, आमच्यातल्या दोन नव्या पोरांचं तेच झालं, त्यांना कागदावर वाचायला काही नव्हतं. गेले असतील आणि घरी सांगितलं नसेल, तर जा, पण आधी घरी सांगा आणि मग जा, कारण सर पहिल्या दिवशी तेपण विचारतात, हात वर करून. रोजचा पगार यातनं काढायचा असेल तर ह्या क्लासचा उपयोग नाही, आणि मला वाटतं कुठल्याच क्लासचा नाही. १४,५०० जास्त वाटत असतील तर लाल वही गणपती पेठेत मिळते, तुमची वही मोठ्यानं वाचणारा माणूस तेवढा शोधा, नवरा-बायको नको, भांडणं होतात.

गाडी लावायला मागच्या गल्लीत जागा आहे, पुढं लावली की ट्रॅफिकवाले उचलतात. आणि तिसऱ्या रांगेत खिडकीकडच्या खुर्चीवर बसू नका, वर एसी गळतो, माझ्या वहीची पहिली चार पानं तशीच फुगलीयत.